झालेल्या कामांचा रकाना

मनोहर, तुझ्या जाण्याची बातमी आपल्याच पेपरात आली. चार ओळी, आतलं पान, डावीकडे खाली. त्या चार ओळींत दोन चुका होत्या. तुझं वय एका वर्षानं कमी छापलं होतं आणि तू 'शहर डेस्क'वर होतास असं म्हटलं होतं. तू शहर डेस्कवर एक दिवसही बसला नाहीस. जिल्ह्याच्या बातम्या सोडून दुसरीकडे बसायला सांगितलं की तुझी पाठ दुखायला लागायची.

बातमी कोणी लिहिली हे मी विचारलं नाही. छापण्याआधी ती कोणी पाहिली, हेही विचारलं नाही, कारण ते मला माहीत होतं. ती माझ्याकडे आली होती. स्क्रीनवर तुझं नाव दिसलं आणि मी ती न वाचता पुढे पाठवली.

आज अकरावा दिवस. सकाळी काटोलला जाऊन आलो. वंदनाचं काम होतं. खरं म्हणजे ते तुझं अर्धवट राहिलेलं काम होतं आणि ते अर्धवट राहिलं माझ्यामुळे. कसं, ते क्रमानं सांगतो. क्रम सोडला की तू मधेच हात वर करायचास.

जिल्हा डेस्कच्या भिंतीवर तू पांढरा फळा लावलास तेव्हा आपल्या दोघांचेही केस काळे होते. त्यावर काळ्या शाईनं तीन रकाने आखलेस : करायचं, चालू, झालं. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. सावनेर, उमरेड, रामटेक, काटोल, कुठूनही वार्ताहराचा फोन आला की चिठ्ठी पहिल्या रकान्यात लागायची आणि काम पुढे जाईल तशी उजवीकडे सरकायची. असे फळे इतर कार्यालयांतही असतात. तिथे तिसरा रकाना भरला की कोणीतरी फडकं फिरवतं. तू दर शनिवारी त्या चिठ्ठ्या काढून कोऱ्या कागदावर ओळीनं चिकटवायचास आणि कागद फाइलला लावायचास. लोक हसायचे. मीही त्यांत होतो.

पहिल्याच वर्षी एक चूक झाली. ती माझी होती. काटोलचा संत्रा बाजार गुरुवारी बंद राहणार होता, आपण 'बुधवारी बंद' छापलं. मी दुरुस्ती लिहिली, पानात लावली आणि चिठ्ठी स्वतःच 'झालं'मध्ये सरकवली. दुरुस्ती लागली होती नागपूर शहराच्या आवृत्तीत. चूक छापली गेली होती ग्रामीण आवृत्तीत. ज्यांनी चूक वाचली त्यांना दुरुस्ती दिसली नाही आणि ज्यांना दुरुस्ती दिसली त्यांनी चूक वाचलीच नव्हती. गुरुवारी सकाळी संत्र्यांनी भरलेले टेम्पो बाजाराच्या बंद फाटकापुढे रांगेनं उभे होते. दिवसभर फोन येत होते. सगळे तू घेतलेस.

संध्याकाळी तू माझ्या टेबलाशी आलास.

"चिठ्ठी कोणं सरकवली?"

"मी."

"पाहिलं कोणं?"

"म्हणजे काय? मीच केलं ना."

"तू केलं. मी विचारून राहिलो, पाहिलं कोणं?"

मग तू खुर्ची ओढून बसलास आणि वडिलांचं सांगितलंस. ते गांधीबागेत एका ठोक कापड दुकानात नोकरीला होते. "माहा बाप कापड मोजे. आयुष्यभर मोजे. पण कात्री त्याच्या हाती देत नव्हते गा. मोजणारा एक, कात्री लावणारा दुसरा. कात्रीवाला पुन्हा मोजे, मंग लावे. बाप चोर होता म्हून नाही. कापडाच्या थानातून एकदा कापलं की जोडता येत नाही म्हून."

त्या दिवसापासून फळ्याला नियम आला. ज्यानं काम केलं त्यानं चिठ्ठी 'झालं'मध्ये न्यायची नाही. दुसऱ्यानं छापलेला अंक, तोही योग्य आवृत्तीचा, हातात घेऊन बातमी वाचायची आणि मग चिठ्ठी सरकवायची. चिठ्ठीच्या खाली दोन नावं : 'केलं' अमुक, 'पाहिलं' तमुक. फळ्याच्या जागी पुढे संगणकावरचा बोर्ड आला, चिठ्ठ्यांची कार्डं झाली, पण दोन नावं राहिली. नव्या माणसाला तू हे शिकवायचास तेव्हा तो आधी हसायचा, मग वैतागायचा. तुझं नाव 'पाहिलंसाहेब' पडलं. ते तुला ठाऊक होतं. एकदा कॅन्टीनमध्ये कोणीतरी ते मोठ्यानं उच्चारलं तेव्हा तू मागे वळून म्हणालास, "साहेब नका म्हणू बावा, पगार तेवढा नाही."

कोणी न वाचता सही ठोकली असा संशय आला की तू विचारायचास, "शेवटची ओळ सांग." लोक मग फक्त शेवटची ओळ वाचायला लागले. ते कळल्यावर तू मधली ओळ विचारायला लागलास.

मला तू कधीच काही विचारलं नाहीस, ना शेवटची ओळ, ना मधली. आपण एकाच वर्षी लागलो होतो. मला वाटायचं, मान म्हणून विचारत नाही.

आपला वाद मात्र सुरूच होता. मी म्हणायचो, सकाळचा पेपर दुपारी रद्दीत जातो, त्याच्या कामाची यादी कशाला जपायची? बांधलेले अंक आहेत, त्यांत सगळं आहे. तू म्हणायचास, "अंकात बातमी आहे. माणूस कुठी आहे?" मी म्हणायचो, वाचकाला माणसाशी काय करायचंय? तू म्हणायचास, "वाचकाचं नाही बोलून राहिलो मी." इथपर्यंत आलं की कोणीतरी चहाला बोलवायचं. पुढचं वाक्य तू काय म्हणणार होतास ते मी कधी ऐकून घेतलं नाही.

दर रविवारी सकाळी नऊला तुझा फोन यायचा. माझं घर रिकामं झालं त्या महिन्यापासून. कारण तू कधी बोलून दाखवलं नाहीस, मीही नाही.

"उठला का गा?"

"उठलो."

"काय करून राहिला?"

"काही नाही."

"लिहून ठेव मंग. केलं : काही नाही. पाहिलं : मनोहर."

बस, एवढंच. फोन मिनिटभरही चालायचा नाही. पण नऊच्या आधी मी दाढी करून घ्यायचो.

मागच्या वर्षी मुख्य कार्यालयानं सगळ्यांसाठी नवा बोर्ड आणला. जुन्यावरचं काम नव्यावर न्यायचं होतं. पडद्यावर प्रश्न आला : पूर्ण झालेली कामं सोबत आणायची आहेत का? खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की आणल्यास वेळ लागेल. तू त्या दिवशी भाच्याच्या लग्नाला उमरेडला होतास. एक फोन करता आला असता. मी 'नाही' दाबलं. जुना बोर्ड त्या आठवड्यातच बंद झाला. चिकटवलेल्या चिठ्ठ्यांच्या फाइली तर त्याआधीच, कार्यालयाला रंग दिला तेव्हा गेल्या होत्या. तेव्हा तू दोन दिवस बोलला नव्हतास. पण मग म्हणाला होतास, चला, संगणकावरचं तरी आहे.

सोमवारी तू आलास, पाणी प्यायलास, बोर्ड उघडलास. तिसरा रकाना पांढरा होता.

"अरुण, झालेलं कुठी गेलं गा?"

"नाही आणलं. जड होत होतं."

"सगळं?"

"झालेलंच होतं ना मनोहर. चालू आहे ते सगळं आणलंय."

तू बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिलास. मला वाटलं, आता चिडशील. तू चिडला असतास तर मी माफी मागितली असती, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. तू फक्त विचारलंस, "म्हणजे त्या पोरीनं बारा वर्षं काय केलं, हे आता कोण सांगन?"

कोणती पोरगी, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, तू उदाहरण देतो आहेस.

रविवारचा फोन थांबला. तीन महिन्यांनी तू निवृत्त झालास. निरोपसमारंभात तू सगळ्यांची नावं घेऊन आभार मानलेस. माझंही घेतलंस, सगळ्यांत आधी. नावं वर्णक्रमानं होती.

निवृत्तीनंतर चार महिन्यांनी तुझा एक निरोप मोबाइलवर आला. "दोन तासाचं काम आहे. घरी कधी येतो?" मी लिहिलं, "पुढच्या आठवड्यात बघतो." तू अंगठा पाठवलास. तो पुढचा आठवडा मी पाहिला नाही, त्याच्या पुढचाही नाही. मला वाटलं, वाद पुन्हा काढशील. खरं तर मला भीती याची होती की तू वाद काढणार नाहीस. आपल्यातलं शेवटचं बोलणं म्हणजे तो अंगठा.

तू गेल्यावर आठव्या दिवशी वंदनाचा फोन आला. तू म्हणालास तेव्हाच मला कळायला हवं होतं की 'ती पोरगी' ती होती. काटोलच्या तहसील कार्यालयासमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारी आणि बारा वर्षं आपल्याला काटोलच्या बातम्या देणारी वंदना. तिचं नाव पेपरात एकदाही छापलं गेलं नाही. बातमीवर 'काटोल, प्रतिनिधी' एवढंच असायचं, आणि गावात लोक धरून चालायचे की ज्याच्या नावावर पेपरची एजन्सी आहे तोच बातम्याही देतो.

"सर, हे बोलायची वेळ नाही," ती म्हणाली. "पण शनिवारची मुदत आहे. मनोहरभाऊ असते तर तुमाले तरास दिला नसता."

काटोलजवळच्या एका महाविद्यालयात बातमीलेखन शिकवायला माणूस हवा होता. तिनं अर्ज केला होता. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या होत्या : केलेल्या कामाची यादी आणि ते काम तेव्हा ज्यांनी पाहिलं त्यांच्या सह्या. मी कार्यालयात विचारलं. त्या आमच्या कर्मचारी नव्हत्या, असं उत्तर आलं. ते खरंच आहे. अर्धवेळ वार्ताहर कर्मचाऱ्यांच्या यादीत नसतात. त्यांचं नाव आपल्याकडे एकाच ठिकाणी असायचं, कार्डाच्या खालच्या ओळीत, तिसऱ्या रकान्यात.

"भाऊ म्हणे, यादी होऊन जाईन," वंदना म्हणाली. "एक वही करून राहिले होते ते."

त्याच संध्याकाळी मी तुझ्या घरी गेलो. शोभावहिनींनी वही लगेच आणून दिली, शोधावी लागली नाही.

"रोज वाचनालयात जात होते," त्या म्हणाल्या. "अकरा वाजता डबा घेऊन. मी म्हटलं, रिटायर झाले का बदली झाली तुमची? तं म्हणे, बदलीच समज." त्या थोडं हसल्या, मग थांबल्या. "तुमाले बोलावलं होतं म्हणत होते."

"हो वहिनी. मी आलो नाही."

"कामात असान," त्या म्हणाल्या. तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर उत्तर देता आलं असतं.

दोनशे पानांची वही. जुने बांधलेले अंक काढून, एकेक पान उलटून, वंदनाची प्रत्येक बातमी तू शोधली होतीस. तारीख, पान, विषय, केलं, पाहिलं. पाच रकाने, पट्टीनं आखलेले. 'केलं'पुढे सगळीकडे वंदना. 'पाहिलं'पुढे पानोपानी तुझं नाव, खाली सही. कुठे डेस्कवरच्या दुसऱ्या कोणाचं नाव. त्यांच्याकडे जाऊन तू सह्या आणल्या होत्यास. एक जण आता बुटीबोरीला कारखान्यात नोकरीला आहे, त्याचीही होती. उरलेल्या ठिकाणी 'पाहिलं'पुढची जागा कोरी होती आणि कडेला पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं : अरुण? त्या जागा पुष्कळ होत्या. दोन तासांचं काम ते होतं.

प्रश्नचिन्ह कशासाठी होतं? कार्ड मी सरकवलं होतं की दुसऱ्या कोणी, याची तुला शंका होती, की मी वाचलं होतं की नाही, याची? तुझी स्मरणशक्ती मला माहीत आहे. पहिल्या गोष्टीची शंका तुला असणं शक्य नाही.

हे तुला जिवंतपणी सांगायला हवं होतं : मी वाचत नव्हतो. दिवस संपताना दहा-पंधरा कार्डं एकदम उजवीकडे सरकवायचो आणि प्रत्येकावर माझं नाव टाकायचो. शहराच्या बातम्या मी डोळ्यांत तेल घालून वाचल्या. काटोलच्या वाचल्या नाहीत. संत्रा बाजाराच्या चुकीसाठी तू जो नियम केलास तो मोडणारा पहिला माणूस मीच, आणि तूही ते कळून गप्प राहिलास. मला विचारलं असतंस तर बरं झालं असतं. की सांगणं तू माझ्यावर सोडलं होतंस?

वंदनासाठी त्या रात्रीत सगळ्या सह्या करून टाकणं सोपं होतं. कोणी तपासलं नसतं. मी पेन उघडलं आणि बंद केलं.

दोन दिवस रजा घेऊन वाचनालयात बसलो. तिथल्या बाईंनी वही ओळखली. "ते काका नाही आले?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. तू बसायचास ती खुर्ची त्यांनी दाखवली, खिडकीपासून दुसरी. मी तिसरीवर बसलो.

एकेक अंक काढून मी वंदनाच्या बातम्या वाचल्या, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. तहसील कार्यालयातलं बायकांचं स्वच्छतागृह कुलूपबंद होतं आणि किल्ली बड्या बाबूच्या खणात होती. ती बातमी तिनं किल्लीपासून सुरू केली होती. संत्र्यांची निवड करणाऱ्या बायका फळाचं माप डोळ्यांनी नाही, बोटांनी घेतात आणि हिवाळ्यात बोटं बधिर झाली की माप चुकतं, हे मला तिच्यामुळे परवा कळलं. ते छापलं गेलं त्या दिवशी मी डेस्कवर तिच्या बातमीपासून चार फुटांवर बसलो असणार. एका शाळेची बातमी होती, दोन शिक्षकांची, त्यांतला एक दुसऱ्याला मोटारसायकलवर आणतो, म्हणून एक आजारी पडला की शाळेला दोघंही नाहीत. मी वाचनालयात मोठ्यानं हसलो. आजूबाजूच्यांनी मान वर केली. सांगायला कोणी नव्हतं.

वाचून झालं की मी 'पाहिलं'पुढे सही केली आणि खाली परवाची किंवा कालची तारीख टाकली, 'आता वाचलं' असं लिहून. मागची तारीख टाकली नाही. दोन अंक वाचनालयात नव्हते, त्या दोन जागा कोऱ्या ठेवल्या. तू पाहिलेल्या बातम्यांना माझ्या सहीची गरज नव्हती, पण त्याही वाचल्या.

त्यांत मला एक सगळ्यांत चांगली वाटली. एका खेड्याहून काटोलला येणाऱ्या बसची वेळ अर्ध्या तासानं पुढे गेली. त्या अर्ध्या तासानं कॉलेजच्या अकरा मुलींचा पहिला तास बुडायला लागला आणि घरचे म्हणायला लागले की उशिरा जायचं तर जायचंच कशाला. बातमीत 'समस्या', 'गैरसोय', 'संताप' यांतला एकही शब्द नव्हता. फक्त वेळा होत्या. बस किती वाजता निघते, किती वाजता पोचते, तास किती वाजता सुरू होतो, कोणत्या मुलीनं कोणत्या दिवशी येणं सोडलं. काही दिवसांनी वेळ पूर्ववत झाल्याची दोन ओळींची बातमीही होती. तीस वर्षं मी इतरांचा मजकूर तपासला. अशी बातमी मला लिहिता आली असती असं वाटत नाही.

आज सकाळी पहिल्या बसनं काटोलला गेलो. वंदनाच्या दुकानात एक म्हातारबुवा आधार कार्ड घेऊन उभे होते.

"आजोबा, दोन्ही बाजू एकाच पानावर घेऊ का वेगवेगळ्या?"

"जशा बऱ्या दिसन तशा घे वं माय. फोटू तं तसाही मी वाटत नाही."

ते गेल्यावर तिनं मला स्टूल दिलं आणि वही घेतली. उभ्यानंच पानं उलटत राहिली. माझ्या सह्यांवर तिचं बोट थांबलं.

"ह्या तारखा या आठवड्याच्या आहेत, सर."

"हो. तेव्हा वाचलं नव्हतं. आता वाचलं."

"एकही नाही?"

"तुमची एकही नाही."

मशीनचा आवाज सुरू होता, तिनं तो बंद केला. "मले वाटे," ती म्हणाली, "चांगलं नसन होत म्हून सर काही म्हणत नसन. भाऊ म्हणत, अरुणनं वाचलं की सांगन तुले. मी म्हटलं, बारा वर्षांत नाही सांगतलं म्हणजे समजून घ्यावं आपण."

मनोहर, मी आयुष्यभर ज्या चुका धरल्या त्या छापलेल्या होत्या. ही कुठेच छापली गेली नव्हती.

मी तिला सांगितलं. किल्लीचं सांगितलं, बोटांचं सांगितलं, दोन शिक्षकांचं सांगितलं तेव्हा तीही हसली. मग म्हणालो, "आणि बसची बातमी. यादीत ती पहिली टाका. सगळ्यांत चांगली ती आहे."

तिनं पान शोधलं. वाचलं. "हे माझं नाही," ती म्हणाली.

"तारीख आणि पान बघा. मनोहरनं लिहिलंय."

"लिहिलं असन. माझं नाही ते." तिनं वही टेबलावर ठेवली. "माझी पोरगी टायफाइडनं नागपूरले भरती होती. नऊ दिवस. मी एक ओळ नाही दिली. जो नऊ दिवस काही देत नाही त्याच्या जागी दुसरा घेतात, हे तं तुमालेच माहीत आहे. भाऊनं मले फोन केला, कोणत्या गावाचं काय चालू आहे विचारलं. मी म्हटलं, बसचं काहीतरी आहे म्हणतात. बस, एवढंच माझं. डेपोले फोन त्यायनंच केला, मास्तरले केला, एकेका पोरीच्या घरी केला. लिहिलं त्यायनं. अन् कार्डावर नाव टाकलं माझं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून वाचलं."

मी वही पुन्हा पाहिली. केलं : वंदना. पाहिलं : मनोहर. तूच केलंस आणि तूच पाहिलंस, दोन्ही एकाच हातानं, आणि वाचनालयात बसून ती नोंद पुन्हा तशीच उतरवलीस. कात्री मोजणाऱ्याच्याच हातात होती. माझ्यापेक्षा तू नियम अधिक पुरता मोडला होतास.

"राहू द्या," मी म्हणालो. "त्यानं विचार करूनच ठेवली असेल. यादीत जड पडेल ती. तुमच्या उपयोगाची आहे."

"सर, मी तिथी पोरींना शिकवायले जाणार. काय शिकवू, दुसऱ्याची बातमी आपल्या नावानं कशी लावायची?" ती चिडली नव्हती. नुसतं विचारत होती. "यादी माझी आहे. भाऊचं एक चुकलं. तुमचं बी चुकलंच ना?"

तिनं पट्टी घेतली आणि आपल्या नावावर सरळ एक रेघ ओढली. वर तुझं नाव लिहिलं. मग 'पाहिलं'पुढच्या तुझ्या सहीवरही रेघ ओढली आणि वही माझ्याकडे सरकवली.

"तुम्ही वाचली ना ही?"

"वाचली."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"मंग करा सही."

मी केली. आजची तारीख टाकली. तिनं वहीच्या प्रती काढल्या, यादीत बसची ओळ सोडून बाकी सगळं लावलं, माझ्यासमोर पाकीट बंद केलं आणि दुकानाला कडी लावून महाविद्यालयाकडे निघाली. काम मिळेल की नाही, हे तिला माहीत नाही, मलाही नाही. 'आता वाचलं' असं लिहिलेल्या सह्या ते धरतील का, हेही सांगता येत नाही. धरल्या नाहीत तर तो दोष तुझ्या वहीचा नसेल.

वही तिनं मला परत दिली. वहिनींना द्यायला सांगितली आहे. उद्या देईन. बसमध्ये ती मांडीवर उघडी ठेवून मी पुन्हा सगळे रकाने पाहत आलो. 'पाहिलं'पुढे तुझं नाव इतक्या वेळा आहे की मोजायचं सोडून दिलं. 'केलं'पुढे ते एकदाच आहे, वंदनाच्या अक्षरात.